दोन अर्धी टेबलं आणि एक क्रियापद

“ऑपरेशनच्या आधी एकदा दोघांना एका टेबलाशी जेवायला बसलेलं बघायचंय,” काकू म्हणाल्या.

हे त्या ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवताना म्हणाल्या. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सर उभे राहून जेवत होते. उभ्याने जेवण्याची त्यांना हौस नव्हती. घरात टेबलच नव्हतं. म्हणजे होतं, पण अर्धं थोरल्या मुलाकडे आणि अर्धं धाकट्याकडे. ते कसं, ते पुढे येईलच.

सरांनी घास गिळला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “म्हणजे तुला नक्की काय अपेक्षित आहे? त्यांना गॅदर करायचं, कलेक्ट करायचं, की असेंबल करायचं?”

“बसलेले हवेत,” काकू म्हणाल्या.

“तसं नव्हे गं. अर्थ वरवर पाहता एकच, एकत्र आणणं. पण...”

“भाजी वाढू?” काकूंनी विचारलं. सरांचं ‘पण’ सुरू झालं की त्यात भाजी घालून ते बंद करायचं, हा उपाय त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी सापडला होता.

काकूंच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. सोमवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. डॉक्टर अगदी हसतमुखाने म्हणाले होते, “काही काळजी नको, शंभरातले पंच्याण्णव पेशंट ठणठणीत होऊन घरी जातात.” दुसरी कोणी असती तर पंच्याण्णव ऐकून तिला धीर आला असता. काकूंचा जन्म मास्तरच्या घरात गेला होता. नापास होणारे पाच जण प्रत्येक वर्गात असतातच आणि ते शेवटच्या बाकावरचेच असतात असं नाही, हे त्यांना पाठ होतं. त्या घाबरल्या आहेत असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त जन्मात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं, आणि मागितलं तेही असं, की जे बाजारात मिळत नाही.

सरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. गावात त्यांचं नाव कुणाला आठवत नव्हतं, सगळे सरच म्हणत. त्यांचा एक तास मात्र सगळ्यांना आठवत होता. एकत्र आणणाऱ्या क्रियापदांचा तास. सर फळ्यावर सहा शब्द लिहीत आणि म्हणत, “ही बाहेरून सख्खी भावंडं. आतून एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.” मग एकेकाची कुंडली मांडत. कलेक्ट म्हणजे आपण जायचं आणि एकेक गोष्ट निवडून आणायची. गॅदर म्हणजे विखुरलेलं आपापल्या पायांनी जमतं, पण त्याला मध्यभागी काहीतरी लागतं, शेकोटी म्हणा, भांडण म्हणा. असेंबल म्हणजे प्रत्येक भाग ठरलेल्या जागी. जॉइन म्हणजे नुसत्या कडा टेकल्या. मर्ज म्हणजे एक उरला, दुसरा संपला. आणि युनाइट. युनाइटपाशी सर खडू खाली ठेवत. “युनाइट म्हणजे मनं मिळाली. हा शब्द जपून वापरा. आयुष्यात एखाद्या वेळीच लागतो.”

वर्गात हे ऐकणाऱ्यांत त्यांचे स्वतःचे दोन मुलगेही होते. दोघांनी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि पुढे एकही क्रियापद वापरलं नाही.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं. धाकटा लोकांना मोटार शिकवायचा. दोघं वेगळे राहत, पण दर रविवारी आईवडिलांकडे त्या मोठ्या टेबलाशी एकत्र जेवत. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना थोरल्याने धाकट्याला प्रेमाने, फुकट, नवा चष्मा करून दिला. धाकट्याने तो घातला, गाडीत बसला आणि गाडी विजेच्या खांबावर घातली. थोरला म्हणाला, नंबर बरोबर होता, गाडी चालवण्यात चूक झाली. धाकटा म्हणाला, गाडी बरोबर चालवली, नंबर चुकला. दोघांचाही धंदा पणाला लागला होता, त्यामुळे माघार कोण घेणार? सरांना पंच नेमलं. सरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि दोघांच्याही बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुका दाखवल्या. त्या रविवारी दोघं अर्ध्या ताटावरून उठले ते पुन्हा एकत्र बसले नाहीत.

पुढे प्रश्न आला टेबलाचा. दोघांनाही ते हवं होतं, म्हणजे खरं तर ते दुसऱ्याला मिळायला नको होतं. जिना अरुंद म्हणून ते टेबल मुळातच दोन भागांत केलेलं होतं. मध्ये खालून लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू. सरांनी न्याय केला. एक अर्धं थोरल्याला, एक धाकट्याला. तेवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले? पट्ट्या थोरल्याला दिल्या आणि स्क्रू धाकट्याला. कोणावर अन्याय नको. न्याय इतका चोख झाला की न्यायाधीश आणि त्यांची बायको तेव्हापासून ओट्यावर जेवू लागले.

तर आता बुधवार होता आणि सरांच्या हातात रविवारपर्यंतचा वेळ होता.

पहिले दोन दिवस त्यांनी गॅदरवर काढले. आपण ओढायचं नाही, सक्ती करायची नाही. माणसं आपापल्या पायांनी यायला हवीत. त्यांनी दोघांना फोन करून एवढंच सांगितलं, “आईजवळ येऊन बसत जा रे.” आणि मुलं आली, वाईट नव्हती हो. थोरला सकाळी दुकान उघडण्याआधी यायचा, आईजवळ बसायचा, औषधं तपासायचा. धाकटा संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी सोडून यायचा, आईचे पाय चेपायचा. मध्ये अख्खा दिवस असायचा. दवाखान्यातल्या नर्सच्या पाळ्या असतात तसं त्यांनी ते न बोलता ठरवून घेतलं होतं. शुक्रवारी धाकटा चुकून सकाळीच आला. दारात थोरल्याच्या चपला दिसल्या. तो मांजराच्या पावलांनी जिना उतरला आणि थोरला निघून जाईपर्यंत गल्लीच्या टोकाला गाडीत बसून राहिला. गाडीत शिकायला आलेले एक पेन्शनर होते. त्यांचा त्या दिवशीचा सगळा धडा हँडब्रेक लावून बसण्याचा झाला.

“ही मुलं जागेने विखुरलेली नाहीत,” सर सुन्न होऊन म्हणाले. “वेळेने विखुरलेली आहेत.”

“मला ठाऊक आहे,” काकू म्हणाल्या. “दोन वेळचा चहा मीच करते.”

शनिवारी सर कलेक्ट करायला निघाले. आधी चष्म्याच्या दुकानात गेले. थोरल्याने वडिलांना पाहिलं आणि सवयीने त्यांना खुर्चीत बसवून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली.

“मी चष्म्यासाठी आलेलो नाही,” सर म्हणाले.

“खालची ओळ वाचा.”

“उद्या दुपारी जेवायला यायचं आहेस. आईची इच्छा आहे. तोही येणार आहे.”

थोरल्याच्या हातातली काच थांबली. “तो येणार असेल तर मी संध्याकाळी येतो.”

“अरे, ती सोमवारी...”

“मला माहीत आहे सोमवारी काय आहे, बाबा. मी रोज रात्री तेच मोजत पडतो.” त्याने काच पुसायला घेतली, आधीच स्वच्छ असलेली. “आईसाठी काहीही करीन. पण त्याच्यासमोर बसून घास उतरायचा नाही माझ्या घशाखाली. तो गावभर सांगत फिरतो, भावाने मला आंधळा केला म्हणून. माझं निम्मं गिऱ्हाईक गेलं. तुम्हाला टेबल हवं असेल तर माझं अर्धं घेऊन जा.”

सरांनी खालची ओळ वाचली. त्यांना ती दिसत नव्हती, पण पाटी पाठ होती.

धाकट्याशी बोलणं चालत्या गाडीत झालं, कारण त्याचा धडा चालू होता. स्टिअरिंगवर एक बाई होत्या. त्यांचे दोन्ही खांदे कानांपर्यंत गेले होते. सर मागे बसले.

“क्लच दाबा,” धाकटा म्हणाला. “बाबा, त्याने पाठवलंय का तुम्हाला?”

“मला कोण पाठवणार? तुझी आई...”

“आईसाठी मी जीव देईन. डावीकडे घ्या, बाई, डावीकडे. पण तो लोकांना सांगतो, माझ्या भावाला गाडी येत नाही. मला. बाई, तो खांब आहे.”

खांब हा शब्द निघाल्यावर बाईंनी ब्रेक दाबला. मागून येणारा सायकलवाला काहीतरी बोलून गेला.

“त्याने अर्धं टेबल परत दिलं का?” धाकट्याने विचारलं.

“दिलं.”

“मग माझंही न्या. मोठेपणा काय त्यालाच दाखवता येतो?”

सर घरी आले ते गळून गेलेले होते. “टेबल यायला तयार आहे,” ते म्हणाले. “मुलं नाहीत.” काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. सर पाणी प्यायले. मग एकदम उठले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, सरांना क्रियापदाचा होता. “हरकत नाही. आधी असेंबल करू. टेबल उभं राहिलं की त्यांना ते बघायला तरी यावंच लागेल. ती शेकोटी. मग गॅदर आपोआप होईल.”

रविवारी सकाळी टेम्पोवाल्याने दोन्ही अर्धी वर आणून खोलीत टेकवली आणि तो निघून गेला. त्या दोन अर्ध्यांकडे बघून सरांना भडभडून आलं. थोरल्याने आपल्या अर्ध्याचे पाय कापून बुटके केले होते, मुलीला अभ्यासाला उंच पडत होतं म्हणून. धाकट्याने आपल्या अर्ध्यावर पांढऱ्या रंगाने रस्ते काढले होते, चौक, वळणं, झेब्रा क्रॉसिंग, विद्यार्थ्यांना समजावायला. सगळे रस्ते येऊन कडेला तुटत होते.

सरांनी दोघांना फोन केले. थोरल्याने पट्ट्या केव्हाच भंगारात दिल्या होत्या. धाकट्याने स्क्रू आपल्या पाटीला वापरले होते. सुताराचं दुकान रविवारी बंद. आणि टेबलाच्या एकेका अर्ध्याला दोनच पाय, तेही बाहेरच्या टोकाला. आतल्या कडा अधांतरी. इतकी वर्षं दोन्ही घरांत त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

शहाणा माणूस इथे थांबला असता. सर बाजारात जाऊन सगळ्यात जालीम डिंकाची मोठी नळी घेऊन आले.

बुटक्या पायांखाली उंची साधायला हवी होती. सरांनी कपाटातून शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड काढले. आयुष्यात कधी त्यांनी त्यावर चहाचा कपसुद्धा ठेवू दिला नव्हता. ते खंड त्यांनी स्वतःच्या हाताने टेबलाच्या पायांखाली सरकवले. हे बघून काकू कॉटवर बसल्या. आपलं ऑपरेशन खरंच गंभीर असावं, असं त्यांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

“अहो, राहू द्या ना,” त्या म्हणाल्या. “मी आपलं म्हटलं एक.”

“तू कधी काही म्हणत नाहीस,” सर म्हणाले. “आता म्हटलंस तर होऊ दे.”

आतल्या कडा त्यांनी दोन स्टुलांवर टेकवल्या, एका कडेला भरपूर डिंक फासला आणि दोन्ही अर्धी एकमेकांना भिडवली. मग चिकटवण्याची पद्धत नीट समजून घ्यावी म्हणून नळीवरचा मजकूर वाचला. ही मात्र चूक झाली. कारखानदाराने एकाच वाक्यात तीन क्रियापदं अशी वापरली होती, जणू तिन्ही एकच. सरांना ते सहन होईना. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नळीवरच एक क्रियापद खोडलं, दुसऱ्याखाली रेघ मारली. तेवढ्यात एक स्टूल कलंडलं. ते पडलं तसं दुसरंही सरकलं आणि दोन्ही कडा खाली येऊ लागल्या. सर टेबलाखाली घुसले, उकिडवे बसले आणि दोन्ही कडा पाठीवर झेलल्या.

“जमलं,” ते आतून म्हणाले. “बरोबर समपातळीत आहे.”

“या आता बाहेर,” काकू म्हणाल्या.

“मी बाहेर आलो तर टेबल खाली येईल.”

काकू उठल्या. त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची मनाई होती, टेबल तर दूरच. खाली वाकायलाही बंदी. त्यांना सरांचे फक्त तळपाय दिसत होते.

“समोरच्यांना हाक मार,” तळपाय म्हणाले.

काकू दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. “समोरचे गावाला गेलेत,” त्या म्हणाल्या. समोरच्या घरातून रेडिओवरच्या बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या, पण सरांच्या कानावर त्या वेळी डिंकाचे थेंब पडत होते.

मग काकूंनी फोन उचलला. प्रास्ताविक नाही, क्रियापदाची निवड नाही. “बाबा टेबलाखाली अडकलेत,” एवढंच थोरल्याला सांगितलं आणि फोन ठेवला. मग धाकट्याला तेच सांगितलं आणि ठेवला.

पाळी नसताना दोघं एकाच वेळी जिन्यात पोचले. अरुंद जिना, दोघंही धापा टाकत, खांद्याला खांदा घासत वर आले. थोरला दुकान उघडं टाकून धावत आला होता, त्याच्या गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच होती. धाकटा चालत्या धड्यातून आला होता.

“बाबा, लागलं का कुठे?” थोरल्याने विचारलं.

“मला काही झालेलं नाही. टेबल धरा.”

“उचलून बाजूला ठेवतो,” धाकटा म्हणाला.

“खबरदार,” सर ओरडले. “डिंक धरत आला आहे. आता उचललंत तर कायमचं सुटेल. वरून दाबा, खालून आधार द्या, सुकेपर्यंत हलवायचं नाही. नळीवर लिहिलं आहे.”

आता वरून दाबायचं आणि खालून आधार द्यायचा तर एकच मार्ग होता. काकूंनी दोन खुर्च्या पुढे सरकवल्या. थोरला एका बाजूने बसला, धाकटा समोरच्या बाजूने. दोघांनी गुडघे सांध्याखाली लावले आणि कोपरं वर रोवली. बसायचं नाही असं ठरवून आलेली माणसं अशी बसली की हलताही येईना.

पाठीवरचा भार गेला तसे सर बाहेर यायला निघाले. निघाले आणि थांबले. डिंक नुसता सांध्यात राहिला नव्हता. खाली झिरपून त्याने सरांच्या शर्टाचा पाठीचा भाग टेबलाच्या पोटाशी पक्का केला होता. सरांनी एक हिसका दिला. सगळं टेबल डचमळलं.

“बाबा, हलू नका,” दोघं भाऊ एका आवाजात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं ते पहिलं वाक्य. सर हलायचे थांबले.

आणि काकूंनी जेवण वाढलं. भात, डाळ, दोन भाज्या, चटणी. त्यांनी पहाटेच करून ठेवलं होतं, सगळ्यांना पुरेल इतकं. थोरल्याच्या पुढ्यात एक ताट, धाकट्याच्या पुढ्यात एक. एक पेला त्यांनी नेमका धाकट्याने रंगवलेल्या चौकात ठेवला.

“आई, अशा वेळी जेवण काय,” थोरला म्हणाला.

“सुकेपर्यंत करणार काय आहात?” काकू म्हणाल्या. “एक हात मोकळा आहे ना?”

मग ते जेवू लागले. सरांना खालून फक्त चार गुडघे दिसत होते आणि वरून भांड्यांचे आवाज येत होते. बोलणं नव्हतं. सर कान देऊन वाट बघत होते. अशा वेळी एक नेमका शब्द पुरतो, हे त्यांना ठाऊक होतं, पण तो वरून यायला हवा होता.

“पाय कुणी कापले?” बऱ्याच वेळाने धाकटा भाताला म्हणाला.

“रस्ते कुणी काढले?” थोरला डाळीला म्हणाला.

उकडत होतं. धाकट्याच्या नाकावर घाम आला आणि त्याचा चष्मा घसरू लागला. एक हात टेबल दाबण्यात, दुसरा भाताने भरलेला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. त्याने मान मागे टाकली, नाक आकसलं, काही उपयोग झाला नाही. थोरला बघत राहिला. शेवटी त्याच्याने राहवेना. त्याने टेबलावरचं कोपर उचललं, हात लांब केला आणि चष्मा वर सरकवला. सरकवला तो सरकवला, वर काडी धरून कानामागचा वाकही चाचपून पाहिला.

“कुणी केलाय हा?” तो म्हणाला.

“बरा आहे.”

“नाकावर बसत नाही.”

“दिसतं त्यातनं.”

“कोपर ठेव, दादा, सुटेल,” धाकटाच पुढे घाईघाईने म्हणाला. थोरल्याने कोपर परत ठेवलं. दादा हा शब्द धाकट्याच्या तोंडून निसटला होता, आणि आपण तो म्हणालो हे कळल्यावर त्याने ताटातून मान वर केली नाही. सर टेबलाखाली श्वास रोखून बसले. आता, ते मनात म्हणाले. आता होईल.

खाली रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजू लागला. लांब, न थांबणारा.

“मेलो,” धाकटा म्हणाला. “बाई गाडीतच आहेत.”

त्याने टेबल हलवून पाहिलं. हललं नाही. थोरल्याने हलवून पाहिलं. पक्कं होतं. गुडघे बाजूला झाले, खुर्च्या मागे सरकल्या. नळाखाली हात धुतल्याचे दोन आवाज आले, एकामागून एक.

“आई, मी सकाळी गाडी घेऊन येतो, तुला दवाखान्यात न्यायला,” धाकटा म्हणाला.

“मी थेट दवाखान्यात येतो,” थोरला म्हणाला.

सरांना टेबलाखालून चार पावलं दिसली. ती दारापर्यंत गेली. दारात थोडी घुटमळली, तू आधी की मी आधी. मग जिन्यात आवाज गेला. सर कान लावून होते. हॉर्न थांबला. गाडीचं दार एकदा वाजलं. दुसऱ्यांदा वाजेल म्हणून सर थांबले, खूप वेळ थांबले. गाडी निघून गेली. तिच्या मागून रस्त्यावर एकट्या चपलांचा आवाज लांब होत गेला.

मग सर बोलले, आणि त्यांचा आवाज वर्गातला नव्हता.

“नाही जमलं गं मला,” ते म्हणाले. “नुसतं जॉइन झालं. कडा टेकल्या, बस. मी जन्मभर पोरांना युनाइट शिकवलं आणि घरात दोन माणसं नाही मिळवता आली. तुझ्यासाठी एकदा तरी. उद्या तू जाणार, आणि मी तुला एक टेबल तेवढं चिकटवून दिलं. तेही आता जिन्यातून खाली जायचं नाही, इतकं मोठं झालंय. काय करू मी याचं?”

काकू थोरल्याच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी दोन्ही ताटं एकात एक ठेवली. दोन्ही स्वच्छ होती, धाकट्याने तर चटणीसुद्धा टाकली नव्हती.

“मी युनाइट कुठे म्हटलं होतं?” त्या म्हणाल्या. “मी बसलेले म्हटलं होतं. बसले.”

सरांना आता आठवलं. पहिल्या दिवशी ओट्यापाशी तिने हाच शब्द दिला होता, दोनदा दिला होता, आणि आपण तो तपासलासुद्धा नव्हता.

“पोटभर जेवले,” काकू म्हणाल्या. “भाताला धाकट्याने तूप मागितलं नाही, म्हणजे अजून राग आहे थोडा. पण थोरल्याचा हात लागला त्याच्या कानाला.” त्यांनी डोळे पुसले, पदराने, हळूच, कोणी बघत नसताना पुसतात तसे. टेबलाखालच्या माणसाला तसंही काही दिसत नव्हतं. “आता जे व्हायचं ते होऊ दे सोमवारी.”

“बरं,” सर म्हणाले. मग आजूबाजूला चाचपडत ते म्हणाले, “मला बाहेर काढायचं विसरले की गं ते.”

“तुम्हीही काही बोलला नाहीत.”

“वर जेवण चाललं होतं.”

उकिडवं बसून त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. पाठ ताणून पाहिली, शर्ट सुटेना. मग अशी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, जी एखाद्या लहान मुलाच्याही केव्हाच ध्यानात आली असती. शर्ट पाठीकडून टेबलाला चिकटला होता. बटणं पुढे होती. सरांनी गळ्याजवळचं बटण काढलं. मग त्याखालचं.

वर काकूंनी फोन उचलला होता.

“अरे, बाबा अजून टेबलाखालीच आहेत,” त्या म्हणत होत्या. “नाही रे, मला नाही ओढवत त्यांना. समोरचे गावाला गेलेत. दुकान बंद करून ये मग. संध्याकाळी. पाच वाजता. चहाला.”

फोन ठेवला. पुन्हा उचलला.

“अरे, बाबा अजून टेबलाखालीच आहेत. हो, शर्ट चिकटलाय. हो, तुम्ही विसरलात त्यांना. ये की. घाई नाही. पाच वाजता. चहाला.”

सरांचा हात तिसऱ्या बटणावर होता. तो तिथेच थांबला. मध्यभागी काहीतरी लागतं, हे ते स्वतःच इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. त्यांनी पाय जरा सैल सोडले, पाठ टेबलाला नीट टेकवली आणि काढलेली दोन्ही बटणं परत लावली.